सव्वा पोटाचा जामीन

एका रानात एक वाघ राज्य करत होता. रान मोठं होतं, वाघ म्हातारा होता आणि दर पाच वर्षांनी निवडणूक होत असे. वाघाच्या विरोधात कुणालाही उभं राहायची मुभा होती. मागच्या खेपेला एक सांबर उभं राहिलं होतं. अर्ज भरून ते घरी निघालं आणि वाटेत त्याची वाघाशी गाठ पडली. त्यानंतर वाघ बिनविरोध निवडून आला.

त्या रानाला आधी नुसतं रान म्हणत. पुढे राजानं हुकूम काढून त्याचं नाव सुखारण्य ठेवलं, आणि त्या दिवसापासून तिथं दुःखी दिसायला बंदी झाली. बाकी सगळं होतं तसंच राहिलं.

सुखारण्यातून एक नदी वाहत होती. तिच्या मोरडोहात निंबाजी नावाचं एक पाणमांजर राहत असे. निंबाजी रोज सकाळी पाण्यात उतरे, दोन मासे धरी, ते खाई आणि उरलेला दिवस उताणा पडून पोटावर गोटा झेलत बसे. त्यानं कुणाचं काही घेतलं नव्हतं, तो कुणाचं काही देणंही लागत नव्हता. असा प्राणी कुठल्याही सरकारला जरा संशयास्पदच वाटतो. पण मोरडोह राजधानीपासून लांब होता, म्हणून ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

एका उन्हाळ्यात डोहातलं पाणी गुडघाभर उरलं. निंबाजी मासे शोधत नदीनं वर वर गेला. नदी जिथं सुखारण्यात शिरते तिथं एक लांबलचक आडवी शिळा आहे. तिला सीमाशिळा म्हणत. शिळेच्या पल्याड दुसरं खोरं, दुसरा राजा. बाहेर जाणाऱ्याला कुणी अडवत नसे. कोणी गेलं की तेवढं एक तोंड कमी झालं, असं सरकार मानत असे.

पल्याडच्या खळाळत्या पाण्यात केवडी नावाची एक पाणमांजरी मासे धरत होती. निंबाजीला शांत डोहाची सवय. वाहत्या पाण्यात त्याला सकाळभर एकही मासा मिळाला नाही. केवडी ते बघत होती. शेवटी तिनं त्याला सांगितलं की माशाच्या मागं धावायचं नसतं, मासा जिथं येणार तिथं आधी जाऊन थांबायचं. दुपारी त्याला पहिला मासा मिळाला आणि तो त्यानं तिलाच दिला.

पाणमांजरांत लग्नाची रीत साधी आहे. एकानं दुसऱ्याला नदीतला गोटा द्यायचा. संध्याकाळपर्यंत तो परत आला नाही की लग्न झालं. केवडीनं निंबाजीचे पहिले दोन गोटे परत केले. तिसरा ठेवून घेतला.

पुढे मोरडोह भरल्याची खबर आली आणि दोघं घरी निघाली. सीमाशिळेवर दोन कोळसुंदे, म्हणजे रानकुत्रे, पहाऱ्याला बसले होते. त्यांनी निंबाजीला जाऊ दिलं आणि केवडीला थांबवलं. तो नसताना सुखारण्यात कायदा झाला होता.

तो असा झाला. दुष्काळासाठी सगळ्यांकडून थोडं थोडं घेऊन भरलेलं सरकारी कोठार होतं. ते उघडून पाहिलं तर निम्मं रिकामं. चौकशीसाठी समिती नेमली. कोठाराची आतून माहिती असलेले सदस्य हवेत म्हणून समितीत सगळे उंदीर घेतले. उंदरांनी तीन महिने कोठारातच मुक्काम ठोकून अहवाल दिला की धान्य बाहेरून लग्न करून आलेल्या सुना खातात. अहवाल आला तोवर कोठार पाऊण रिकामं झालं होतं, त्यामुळे अहवालावर सगळ्यांचा विश्वास बसला. बाहेरून आलेल्या सुना रानात दोन होत्या. एक रानकोंबडी, ती उंदरांच्या भीतीनं कोठाराकडे कधी फिरकली नव्हती. दुसरी सशीण, ती आदल्या वर्षी वारली होती.

प्रधान म्हणून एक वानर होता. त्याला झाडाच्या शेंड्यावरून बोलायची सवय होती, त्यामुळे तो काय बोलतो यापेक्षा किती उंचावरून बोलतो हेच लोक बघत. तो म्हणाला, "लग्नाला आपला विरोध नाही. लग्न हा आपला संस्कार आहे. पण सून एकटी येत नाही, ती पोट घेऊन येते." सभेनं टाळ्या वाजवल्या. घोषणा तयारच होती: आधी दाखवा कोठी, मग भरा ओटी.

कायद्याला लोक सव्वा पोटाचा कायदा म्हणू लागले. बाहेरचा जोडीदार आणायचा असेल तर इथल्यानं स्वतःच्या नावावर साठा दाखवायचा. दोघांना वर्षभर पुरेल त्याच्या सव्वापट. शिवाय दहा वर्षांचा जामीन लिहून द्यायचा. मध्येच नवरा-बायकोचं फाटलं, तरी जामीन फाटत नसे. वरचं पाव पोट कुणाचं, हे कायद्यात लिहिलेलं नव्हतं. पण साठा तपासायला येणाऱ्या वानरांची पोटं पाहिली की उलगडा होई.

निंबाजी कचेरीत गेला. तिथं घोरपडेभाऊसाहेब बसत. घोरपड एकदा जिथं चिकटते तिथून सुटत नाही, हे बघूनच सरकारनं त्यांना त्या खुर्चीवर नेमलं होतं. अकरा वर्षांत त्यांनी एक नियम सोडला नव्हता आणि एक सुटी घेतली नव्हती. ते वाईट नव्हते. त्यांना विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर रकान्यात बसलं पाहिजे, एवढंच त्यांचं म्हणणं असे.

"साठा किती?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"नदीत आहे, भाऊसाहेब. रोज धरतो, रोज खातो."

"नदी सरकारची. तुझ्या नावावर काय आहे?"

निंबाजीनं बराच विचार केला. "एक गोटा आहे."

भाऊसाहेबांनी साठ्याच्या रकान्यात लिहिलं, 'गोटा, नग एक', आणि अर्ज अपुरा म्हणून परत दिला.

मग निंबाजीनं साठा करायचं ठरवलं. दिवसभर मासे धरायचे आणि एकही न खाता काठावर रचून ठेवायचे. पाणमांजराच्या जातीत हे याआधी कुणी केलं नव्हतं. पाचव्या दिवशी काठावर चाळीस मासे झाले आणि सातव्या दिवशी मोरडोहाच्या आसपास राहणाऱ्यांनी घरं बदलली. तपासणीला आलेले वानर नाक धरून अर्ध्या वाटेवरूनच फिरले. त्यांनी शेरा मारला की साठा ताजा आहे, म्हणून चालणार नाही. नियमाप्रमाणे तीन वर्षांचा सलग साठा हवा. अर्जदारानं तीन वर्षांपूर्वीचा मासा सादर करावा.

निंबाजी वाळून काटकी झाला होता. तो रोज शिळेपाशी जाऊन बसे, अल्याड तो आणि पल्याड केवडी. तिनं त्याची दशा पाहिली. ती पाण्यात उतरली, मासा धरला आणि शिळेवरून त्याच्या पुढ्यात टाकला. दुसऱ्या दिवशी दोन टाकले. तिसऱ्या दिवसापासून पहाऱ्यावरच्या कोळसुंद्यांनाही एकेक देऊ लागली, कारण बिचारे उपाशीपोटी पहारा करत होते. त्यांचा शिधा कोठारातून यायचा आणि कोठाराची चौकशी अजून चालू होती.

भाऊसाहेब स्वतः जागेच्या पाहणीला आले तेव्हा त्यांच्याही पुढ्यात एक मासा पडला. त्यांनी तो खाल्ला आणि तशी नोंद केली. पाहणीच्या अहवालात त्यांना खरं तेच लिहावं लागलं: जामीनदार हा बाहेरच्या अर्जदारणीच्या अन्नावर जगत आहे. सरकारनं त्यावर लाल शेरा मारला की जामीनदार परकीय मदत घेतो, सबब अपात्र.

दरम्यान कायदा लोकांना फार आवडला होता, म्हणून तो वाढवण्यात आला. आधी सुनांना होता, तो जावयांना लागू झाला. मग हिवाळ्यात येणाऱ्या बदकांना. मग प्रधानाच्या लक्षात आलं की नवजात पिल्लंही पोट घेऊनच येतात. ती येतात कुठून, हे कुणालाच सांगता येईना. म्हणजे बाहेरूनच, असा निकाल झाला. तेव्हापासून हरिणीला पाडस झालं की दूध पाजायच्या आधी जामीनदार शोधावा लागे.

ही बातमी निंबाजीला बाण लागावा तशी लागली, कारण केवडीला दिवस गेले होते. पिल्लं पल्याड झाली तर ती बाहेरचीही ठरणार आणि नवजातही ठरणार. म्हणजे प्रत्येकाचे दोन अर्ज. आणि शिळेपाशी विणीला धड बीळही नव्हतं, नुसती कपार होती, तीही पाण्याच्या तोंडाशी.

ज्यांचा साठा पुरत नसे त्यांच्यासाठी कायद्यात एक वाट ठेवली होती. सहजामीनदार आणायचा. रानात तो धंदा एकच जण करत असे, तरसशेठ. पूर्वी वाघानं शिकार केली की उरलंसुरलं तरस खाई. खाऊन झालं की हाडं घळीत नेऊन ठेवी. हाडं नासत नाहीत. कायदा झाला त्या दिवशी अख्ख्या रानात तीन वर्षांचा सलग साठा असलेला तरसशेठ हा एकटाच पुढे आला. कायद्याचा मसुदा करताना प्रधान वरचेवर त्या घळीत जात असे, पण तो हवापालटासाठी.

शेठ निंबाजीशी फार मायेनं बोलला. जामिनाचे आपण काही घेत नाही, हे त्यानं दोनदा सांगितलं. फक्त पुढची दहा वर्षं निवडणुकीच्या दिवशी निंबाजीनं आपल्या पायाचा ठसा शेठ सांगेल तिथं उमटवायचा. निम्म्या रानानं असं लिहून दिलं होतं. पाडसवाल्या हरिणींनी दिलं होतं, बदकांनी दिलं होतं.

निंबाजी थेट शिळेकडे गेला. वाटेत त्याचं मन तयार झालं होतं. एका ठशानं असं काय जाणार आहे, वाघ तर बिनविरोधच येतो. त्यानं केवडीला सगळं सांगितलं आणि म्हणाला, "केवडे, पिल्लं घरात होतील. बाकीचं मला काही कळत नाही."

केवडी तोंडातला मासा खाली ठेवून म्हणाली, "माझं पोट मी भरते. महिनाभर तुमचंही मीच भरतेय. पहाऱ्यावरच्या ह्या दोघांचंही. मग जामीन कुणाचा कुणी राहायचा?"

कोळसुंद्यांनी नदीकडे बघितलं. निंबाजीला लाज वाटली, आणि का कोण जाणे, हलकंही वाटलं. त्यानं परत जाऊन तरसशेठला नम्रपणे नाही म्हणून सांगितलं. शेठ हसला. तो नेहमीच हसत असे, त्यामुळे त्याला राग आला की नाही ते समजलं नाही. निंबाजीनं कुजलेले मासे नदीत सोडले, स्वतः पोटभर खाल्लं आणि शिळेच्या अल्याडच एक बीळ उकरायला घेतलं. पिल्लं कपारीत झाली तर निदान हाकेच्या अंतरावर असावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

अशात राजाचं लग्न ठरलं. वाघाचे दात पडले होते. दोन वर्षांत त्यानं शिकार केलेली कुणी पाहिली नव्हती. तरी रोज सकाळी गुहेच्या तोंडाशी मऊ मांसाची रास पडलेली असे आणि राजा दिवसेंदिवस गुबगुबीत होत होता. एवढं सुख असताना गुहेत राणी नाही हे बरं दिसत नाही, असं प्रधानाला वाटलं. पल्याडच्या खोऱ्यातली एक तरणीताठी वाघीण पाहिली. निवडणूक जवळ आली होती, तेव्हा राजाही कायदा पाळतो हे लोकांना दिसावं म्हणून महाराज स्वतः कचेरीत येऊन भर सभेत अर्ज भरतील, असं जाहीर झालं. ढोल लागले. निंबाजीही गर्दीत मागं उभा होता, कारण केवडीचा अर्ज अजून टेबलावर पडून होता.

भाऊसाहेबांनी महाराजांना बसायला जागा दिली आणि नेहमीचा कागद पुढे घेतला. त्यांनी साठा विचारला. प्रधान शेंड्यावरून म्हणाला की सगळं रान महाराजांचंच आहे. भाऊसाहेब म्हणाले, "रान जनतेचं आहे, असं मागच्या निवडणुकीत महाराजांनीच सांगितलंय. मग रकान्यात काय लिहू?"

ढोल थांबले. भाऊसाहेबांच्या मनात काही नव्हतं. त्यांना रकाना भरायचा होता. त्यांनी पुढचा प्रश्न घेतला, गेल्या तीन वर्षांत स्वतः केलेली शिकार. महाराजांनी मिशी चाटली. मग त्याच्या पुढचा, सध्या जेवण कुठून येतं. सभेत इतकी शांतता झाली की मागं उभ्या असलेल्या तरसशेठचं हसू सगळ्यांना ऐकू आलं.

प्रधान फांदी फांदी करत खाली उतरला. त्याला एवढं खाली उतरलेलं कुणी पाहिलं नव्हतं. महाराजांना सहजामीनदार आहे, असं त्यानं सांगितलं. भाऊसाहेबांनी नाव विचारलं. तेव्हा तिथल्या तिथं मंत्रिमंडळ बसलं आणि पाहुण्यांचा अल्पोपाहार होईपर्यंत नवा हुकूम निघाला. सहजामीनदाराचं नाव यापुढे बंद लखोट्यात ठेवावं. ते कुणी विचारू नये, कुणी सांगू नये. नाव फुटलं तर देणाऱ्याच्या विनयाला बाधा येते. राजाचा अर्ज मंजूर झाला, ढोल पुन्हा सुरू झाले आणि सगळे जेवायला गेले.

दुपारी कचेरीत भाऊसाहेब एकटे उरले. त्यांनी हुकूम दोनदा वाचला. घाईत एक गोष्ट राहून गेली होती. हा हुकूम फक्त राजाला आहे, असं त्यात कुठंही लिहिलेलं नव्हतं.

टेबलावर अकरा अर्ज पडून होते. सगळ्यांत वर केवडीचा होता. घोरपडीला खायला फार लागत नाही. अकरा वर्षांचा भाऊसाहेबांचा शिधा कचेरीमागच्या बिळात जवळजवळ तसाच होता, वाळवलेला, मोजलेला आणि नोंदलेला. तीन वर्षांचा सलग म्हणाल तर सलगच. तोवर कारकुनानं कुणासाठी जामीन राहायचं म्हटलं असतं तर वरून विचारणा झाली असती. आता विचारायचीच बंदी होती.

त्यांनी एका कोऱ्या कागदावर स्वतःचं नाव लिहिलं. त्यांनी कागद लखोट्यात घातला, डिंकानं बंद केला आणि अर्जावर मंजूर असा शिक्का मारला. आपण नियमानंच वागतो आहोत, असं त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि ते खरंही होतं. मग त्यांनी त्याखालचे दहा अर्जही त्याच रीतीनं उरकले. लखोटे अकरा, बीळ एकच. पण साठा दुसऱ्याच्या नावावर आधीच गुंतला आहे का, असा रकाना नमुन्यात नव्हता. खुर्ची सोडून ते स्वतःच हुकूम घेऊन शिळेकडे निघाले, कारण शिपाई सगळे राजाच्या जेवणावळीला गेले होते.

शिळेवर त्यांनी हुकूम वाचून दाखवला. कोळसुंदे बाजूला झाले. केवडी शिळेवर चढली आणि मध्येच थांबली. आपला जामीन कुणी घेतला, असं तिनं विचारलं.

"ते विचारता येत नाही," भाऊसाहेब म्हणाले. "कायदा आहे."

ते बोलताना नदीकडे बघत होते. केवडीनं त्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं, मग मान हलवली आणि अल्याड उतरली. निंबाजीला काहीच समजलं नव्हतं. तो नव्या बिळाच्या तोंडाशी मातीनं माखलेला उभा होता आणि आता ते बीळ लागणार नाही याचा त्याला आनंद होत होता. आठव्या दिवशी मोरडोहात केवडीला तीन पिल्लं झाली. त्यांच्या अर्जांनाही तीन लखोटे जोडलेले निघाले.

सरकारच्या हे ध्यानात यायला पंधरवडा गेला. मग हुकूम दुरुस्त झाला आणि लखोट्याची सवलत फक्त राजापुरती राहिली. आधीचे अर्ज रद्द करायचे तर लखोटे फोडावे लागले असते. आणि एक लखोटा फोडला की लखोटे फोडता येतात हे लोकांना कळलं असतं. म्हणून ते तसेच ठेवले.

वाघीण वाजतगाजत आली. तिसऱ्या दिवशी तिनं महाराजांना विचारलं की हे मांस रोज कोण आणून टाकतं. महाराजांनी बंद लखोट्याचा हुकूम दाखवला. ती चौथ्या दिवशी शिळा ओलांडून माहेरी गेली. पण बायको गेली तरी जामीन दहा वर्षं सुटत नाही, हा कायदाच होता. त्यामुळे महाराजांच्या जेवणात काही खंड पडला नाही.

केवडी आता मोरडोहात मासे धरते. तिची तीन पिल्लं निंबाजीच्या पोटावर गोटे झेलायला शिकतात. आठवड्यातून एकदा कचेरीच्या पायरीवर एक ताजा मासा पडलेला असतो. भाऊसाहेब आवक वहीत 'मासा, नग एक, देणारा अज्ञात' असं लिहितात आणि दार लावून खातात.

निवडणूक वेळेवर झाली. वाघ बिनविरोध आला. तरसशेठची घळ आता राजधानीइतकी मोठी झाली आहे. सुखारण्यात येणाऱ्या प्रत्येक सुनेच्या पोटात उद्या काय जाणार, याची कचेरीत तीन प्रतींत नोंद असते. राजाच्या पोटात आज कुणाचं जातं, हे विचारायचा नमुना मात्र अजून छापून आलेला नाही.